तोंडाला सुटलेलं पाणी

*ताई, मी फोंड्याची, वय ३४. पणजीला ऑफिसात कामाला. नवरा तारवटी, सहा-सहा महिने बोटीवर. दोन दिवस फोन लागला नाही की माझ्या डोक्यात बोट बुडते, मी विधवा होते, मुलाची फी कोण भरणार इथपर्यंत सगळं होऊन जातं. पहाटे साडेतीनला जाग येते, छाती धडधडते. हृदयाचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी चिंतेचा आजार म्हणून गोळी दिली. दोन महिने झाले, थोडा फरक आहे. मैत्रीण म्हणते गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा माइंडफुलनेस कर. मोबाइलवर ॲप घेऊन अकरा दिवस डोळे मिटून बसले, तर धडधड उलट वाढली. मन रिकामं होतच नाही. सासूबाई म्हणतात मंगेशाचं नाव घे. चुलतभाऊ म्हणतो इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस जा. गोळ्या सोडू का? नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही. कधी कधी वाटतं, सगळं थांबावं.*

बाय, तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. सगळं थांबावं म्हणजे विचार थांबावेत, की तू? पहिलं असेल तर पुढे वाच. दुसरं असेल, एखाद्या रात्रीपुरतं जरी असलं, तर हे पत्र बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानसची ही सरकारी लाइन आहे, फुकट आहे आणि रात्रीही चालू असते. सकाळ झाली की घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन बांबोळीला मानसोपचार संस्थेत जा. तिथे ओळखीचं कोणी दिसेल म्हणून मागे फिरू नकोस. दिसलंच, तर तेही औषधालाच आलेलं असणार.

आता गोळ्या. स्वतःच्या मनाने सोडायच्या नाहीत. चिंतेवर महिनोन्‌महिने देतात त्या बहुतेक गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. मग माणसाला वाटतं आजार परत आला. झोपेच्या, तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांची मात्र खरंच सवय लागते. तुझी कुठली आहे, किती दिवस घ्यायची, कमी कशी करायची, हे डॉक्टरांनाच विचार. मैत्रिणीने प्रिस्क्रिप्शन पाहिलेलं नाही.

ती अगदीच चुकीचं बोलते असंही नाही. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता मनात, अंगात जे चाललंय त्याकडे नुसतं लक्ष देणं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्याने गांजलेल्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीझडेल या तिघांनी त्याला विचारांवर काम करणाऱ्या उपचाराची जोड दिली. वारंवार नैराश्य येणाऱ्यांना ते परत येऊ नये म्हणून. चिंतेच्या आजारावर २०२२ मध्ये अमेरिकेतलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २७६ माणसं होती, अर्ध्यांना नेहमीची गोळी, अर्ध्यांना हा वर्ग. आठ आठवड्यांनी दोघांनाही जवळजवळ सारखाच गुण. पण तो वर्ग म्हणजे आठवड्यातून अडीच तास शिकवणाऱ्यासमोर बसणं आणि घरी रोज पाऊण तास. अकरा दिवसांचं ॲप आणि हे एका तागडीत घालू नकोस.

शिवाय 'मन रिकामं करा' हे तुला कोणी सांगितलं? या उपचारात तसं काही नाही. मन पळणारच. पळालं हे कळलं आणि परत आणलं, झाला एक व्यायाम. अकरा दिवसांत ते शंभर वेळा पळालं असेल तर तुझा शंभर वेळा व्यायाम झाला. तू मात्र नापास झाले म्हणून बसलीस.

त्या वर्गांत सुरुवातीला एक मनुका देतात आणि ती हळूहळू खायला लावतात. आपल्याकडे मनुका कशाला? डब्यातलं एक सोल, म्हणजे आमसूल, काढ, माशाच्या हुमणात घालतेस ते. तळहातावर ठेव. काळपट-जांभळं, कडांना सुरकुतलेलं, एका बाजूला चिकट. नाकाशी ने. आता मी हे लिहितेय आणि तू वाचतेयस तेवढ्यातच तुझ्या जिभेच्या कडेला पाणी आलं असेल. सोल अजून डब्यातच आहे, पाणी मात्र खरं आहे.

तुझी छाती धडधडते ती अशीच. धडधड खरी आहे, ती खोटी म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. बोट मात्र बुडालेली नाही, तिथे रेंज नाही एवढंच. विचार आला की शरीर त्याला जागतं, मग तो सोलाचा असो की समुद्राचा. 'मी विधवा झाले' आणि 'मी विधवा झाले असा विचार मला आता आला' यांत बोटभर अंतर आहे. तेवढं अंतर पाडायला शिकवतात, बाकी फार काही नाही.

डोळे मिटून श्वासाकडे पाहिल्यावर धडधड वाढली, असं पुष्कळांचं होतं. आधीच छातीची धास्ती, त्यात लक्षही छातीवरच. तू डोळे उघडे ठेव आणि लक्ष तळपायांवर ने. कदंबच्या बसमध्ये बसायला मिळालं तर तीन मिनिटं पुरतील. आधी मनात काय चाललंय ते नुसतं बघ, मग तळपाय बसच्या पत्र्याला टेकलेत तिथे थांब, मग सगळं अंग, सीट, खिडकीचा वारा. पहाटे साडेतीनला जाग आली तर झोपेच्या मागे लागू नकोस. कौलांवरचा पाऊस ऐक, फ्रिजची घरघर ऐक. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू येईपर्यंत जागी राहिलीस तरी त्या एका रात्रीने काही बिघडत नाही.

इगतपुरी आत्ता नको. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसभर बैठक. धडधाकट माणसालाही ते जड जातं. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस. नाम घेताना मन भरकटलं की परत नामावर यायचं, हे त्या चाळीस वर्षं करताहेत. फक्त विचार हाकलायला म्हणून नाम घेऊ नकोस. हाकललेला विचार मागच्या दाराने येतो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, तू पाहिला असशील. बाईवर हात रोखून उभा. संमोहनाची शक्ती हात धरणाऱ्यात नसते, समोरच्याच्या मनात असते, हे त्या कांदोळीच्या माणसाने पॅरिसला जाऊन सांगितलं. शिकवणारा शोधताना एवढं ध्यानात ठेव. आठ आठवड्यांत चमत्काराची हमी देणारा, गोळ्या बंद करा म्हणणारा, असल्यांच्या वाटेला जाऊ नकोस. डॉक्टरांनाच विचार, त्यांच्या ओळखीचा मानसशास्त्रज्ञ हे शिकवतो का.

आणि नवरा. बोटीवर त्याला काळजी नको म्हणून तू लपवलंस. तुझा आवाज बदललाय हे त्याला कळलं नसेल असं वाटतं तुला? रेंज येईपर्यंत तोही तिकडे काहीबाही रचत असेल. पुढच्या फोनला सांग. गोळीचं नावही सांग.