कानावर पडते, तोंडात येत नाही

प्रश्न : लग्नानंतर साताऱ्याहून बडोद्याला आले, त्याला दीड वर्ष झालं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मराठीच. गुजराती टीव्ही दिवसभर चालू असतो. समजतं बरंच, पण बोलता येत नाही. रविवारी दोन तासांची शिकवणी लावावी का?

उत्तर : तेच दोन तास आठवडाभर वाटा, रोज सतरा-अठरा मिनिटं पडतील. एका बैठकीत रेटलेलं लवकर विसरतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून हे 1885 मध्येच मांडलं होतं.

तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की संदर्भावरून अर्थ लागतो आणि शब्दांच्या शेवटाकडे कान जात नाही. ‘सारो, सारी, सारुं’ (चांगला, चांगली, चांगलं) यांतला फरक ऐकताना निसटला तरी चालतं. बोलताना एक निवडावाच लागतो. म्हणून स्वयंपाक करताना मागे वाजणारा टीव्ही जवळपास फुकट जातो.

दीडेक मिनिटाचा संवाद घ्या. शंभरात चार-पाचांहून जास्त शब्द अनोळखी असतील तर तो सोडा, सोपा शोधा. आधी नुसता ऐका, मग वाक्यागणिक थांबवून मोठ्याने म्हणा, शेवटी न थांबवता सोबत म्हणा. त्यातली पाचच वाक्यं वहीत उतरवा. देवनागरीत लिहिली तरी चालेल. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी वही झाकून ती आठवा. नुसती वाचलीत तर सगळं येतंय असं वाटतं आणि ऐन वेळी शब्द सुचत नाही. अडलेलं वाक्य पुन्हा पहिल्या दिवसापासून धरा.

खंडेराव मार्केटमध्ये शक्यतो एकाच भाजीवाल्याकडे जा, म्हणजे ‘शुं भाव छे?’, ‘अढीसो ग्राम आपो’, ‘दोढ किलो’ हे वारंवार तोंडी येईल. शब्द एक-दोन भेटींत बसत नाही, आठ-दहा तरी लागतात. तुम्ही अडखळलात की तो हिंदीवर येईल, कदाचित मराठीवरही. त्याचा तो चांगुलपणाच, पण तुम्ही गुजराती सोडू नका.

प्रश्न : नातू नऊ महिन्यांचा आहे. गुजराती कानावर पडावी म्हणून मोबाइलवर गाणी लावतो. फायदा होईल का?

उत्तर : फारसा नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 बैठकांत मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजावरून नाही. शेजारी गुजराती बा (आजी) असतील तर नातवाला रोज थोडा वेळ त्यांच्या मांडीवर द्या.