गँग ऑफ फोरनी पंक सोडून फंक का धरलं?

प्रश्न: गँग ऑफ फोर या ब्रिटिश पोस्ट-पंक बँडचा १९७९चा पहिला अल्बम 'एंटरटेनमेंट!' मला तोंडपाठ आहे, पण परवा १९८२चा 'साँग्ज ऑफ द फ्री' लावला तर सगळं गुळगुळीत, नाचायचं वाटलं. असं का झालं?

उत्तर: अहो, फंक, म्हणजे बेस आणि ड्रमच्या ठेक्यावर नाचायला लावणारं संगीत, त्यांच्यात पहिल्यापासून आहेच! पहिल्या अल्बममध्येपण बेस आणि ड्रम नाचतच असतात, फक्त अँडी गिलची गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी येते म्हणून आपलं लक्ष तिकडे जातं. नंतर १९८१ मध्ये बेसिस्ट डेव्ह ॲलन बँड सोडून गेला, त्याच्या जागी सारा ली आली आणि तिचा बेस एकदम गोल, उड्या मारणारा.

'साँग्ज ऑफ द फ्री'मधलं 'आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म' हेडफोन लावून ऐका बरं, बेस सगळ्यात पुढे, गिटार मधेच एक तुकडा टाकून गप्प बसते, मागे बायकांचा कोरस, आणि एवढ्या ठेक्यावर गाणं कशाबद्दल तर सैन्यात जाऊन मर्द व्हायला निघालेल्या माणसाबद्दल. त्याच वर्षी ब्रिटन आणि अर्जेंटिनात फॉकलंडचं युद्ध पेटलं आणि बीबीसीने ते गाणं वाजवणं थांबवलं. म्हणजे गुळगुळीत असूनही टोचलंच ना!

पहिल्या अल्बमचा तो कोरडा, उघडा आवाज इथे नाही हे तुमचं म्हणणं मात्र अगदी मान्य, मलाही तो फार आवडतो. पण सारा लीसाठी तरी अजून दोनदा ऐकाच.