मंडळीची टिनं कशी उडतील?

दारव्हा तालुक्यातल्या एका ख्रिस्ती वाचकानं विचारलं आहे : "पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणतात, रविवारी उपासनेला न येणारा मंडळीबाहेर. मी घरीच शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. मग मंडळी म्हणजे बिल्डिंग का माणसं? अन् मी मंडळीत आहो का नाही?"

माणसं. झालं उत्तर. पण "वादळात मंडळीची टिनं उडाली", "मंडळीला चुना मारला" हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, टिनं छपराची उडतात, मंडळी त्याखाली बसते! इमारतीला चर्च म्हणा. त्याचं मूळ ग्रीक 'किरियाकोन', म्हणजे 'प्रभूचं'. घराला ते शोभतं.

'मंडळी' आली ती बायबलच्या नव्या करारातल्या 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी. त्याचा अर्थ 'जगातून बाहेर बोलावलेले' असं प्रवचनकार ठासून सांगतात. 'एक्' म्हणजे बाहेर, 'कालेओ' म्हणजे बोलावणं, फोड बरोबर. पण फोड म्हणजे अर्थ असता, तर 'कुशल' (फोड केली तर कुश, म्हणजे दर्भ, आणणारा) सर्जनला दर्भ आणायला धाडावं लागलं असतं. अथेन्समध्ये एक्लेसिया ही नागरिकांची साधी सभा होती. नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 19 मध्ये तर इफिसातल्या गोंधळी जमावालाही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलो हेच ठाऊक नव्हतं. (काही वार्षिक सभा आठवल्या.)

खरी गंमत पुढेच. विल्यम टिंडेलनं 1526 च्या इंग्रजी नव्या करारात एक्लेसियाला 'चर्च' न म्हणता 'काँग्रिगेशन' म्हटलं, म्हणजे आपली मंडळीच. जुन्या चर्चचा कैवारी थॉमस मोर खवळला. शब्द बदलला की अधिकार बिशपांच्या हातून सुटून बाकांवर बसलेल्यांकडे जातो, हे त्याला नेमकं कळलं होतं. 1536 मध्ये टिंडेलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं आणि जाळलं. पुढे इंग्लंडच्या राजा जेम्सच्या बायबल-भाषांतरकारांना तर नियमच घालून दिला, 'चर्च'च लिहायचं; 1611 ची प्रत तशीच निघाली. बिचाऱ्या टिंडेलच्या मनातलं मराठीत मात्र बिनबोभाट झालं, आणि आपण त्या शब्दाला चुना मारतो!

माझा एक लाडका तर्क. जुनी माणसं बायकोचं नाव न घेता "आमची मंडळी माहेरी गेली" म्हणत. नव्या करारात मंडळी ही ख्रिस्ताची वधू. भाषांतरकारांच्या कानात हा अर्थ नक्की वाजला असणार. एक कोशप्रेमी स्नेही याला योगायोग म्हणतात. म्हणोत. त्यांना 'मंडळ' म्हटलं की वर्तुळ दिसतं, घर दिसत नाही.

हां, तुमचा प्रश्न. व्याकरणानं एकट्याची मंडळी होत नाही. तुमची नाही, तशी पाळकसाहेबांचीही नाही. नव्या करारात मत्तय 18 मध्ये ख्रिस्ताच्या नावानं जमलेले दोघं-तिघं पुरेसे आहेत. तेव्हा घरी प्रार्थनेच्या वेळी तुमची मंडळी शेजारी बसते का, तेवढं कळवा.