डोकं दुखतं, जबडा दुखतो, चक्कर येते, पण एमआरआय नॉर्मल आहे. दातांचे डॉक्टर नाइटगार्ड (रात्री झोपताना दातांवर घालायचं कव्हर) घ्या म्हणतात. घेऊ का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'रिपोर्ट नॉर्मल आल्यापासून घरचे म्हणतात, तुला काही झालेलं नाही.' ते वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढंच. दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. माझ्या सख्ख्या भावाला मी हे दोन वर्षं सांगत होते.

मी तासगावला बँकेत कॅश काउंटरवर होते. नोव्हेंबर २०१६, नोटाबंदी. शटर उघडायच्या आत रांग रस्त्यापर्यंत गेलेली असायची. माणसं चिडलेली, आमच्याकडे द्यायला शंभराच्या नोटा नाहीत, आणि संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. शॉर्ट आली तर पदरचे भरायचे. पहिल्याच आठवड्यात माझे साडेचार हजार शॉर्ट आले. भरले. त्या दिवसापासून प्रत्येक गड्डी मी दातावर दात दाबून मोजायला लागले. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त एवढंच कळायचं की चार वाजले की कानशिलं ठणकतात.

डिसेंबरात सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असायचा. पहिला घास तोडताना डाव्या कानापुढे कट्ट आवाज यायचा. यांनी सांगितलं, तू रात्री दात खातेस. सासूबाई म्हणाल्या, पोटात जंत झाले असतील, वावडिंग घे. त्यांचा राग नाही, आपल्याकडे दात खाणाऱ्या प्रत्येक पोराला हेच सांगतात. मी वावडिंगही घेतली.

दादाचं मेडिकल आहे. बहिणीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर त्याने पहिल्याच दिवशी गोळ्यांचं पाकीट दिलं, पैसे घेतले नाहीत. निदानही त्यानेच केलं: पित्त. पुढे एकाने मानेचा एक्स-रे काढून मणक्यात गॅप सांगितली, मग पित्त आणि गॅप. मानेला पट्टा आला. चाळिशीनंतर ज्यांची मान कधीच दुखलेली नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्स-रेत तसले बदल दिसतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी पट्टा लावून नोटा मोजत राहिले, आणि पट्ट्याच्या आत हनुवटी टेकवून दात आणखीच घट्ट दाबत राहिले.

गोळी घेतली की दोन तास बरं वाटायचं. आधी आठवड्याला दोन, मग दिवसाआड, मग सकाळी उठल्या उठल्या. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली, कुठेही मिळणारी गोळी. २०१८ च्या दिवाळीनंतर चक्कर सुरू झाली. बिछान्यात उजव्या कुशीवर वळलं की अख्खी खोली गरगर फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची, पण पोटात मळमळ तासभर. दादाने चक्करेच्या गोळ्या सुरू केल्या. पाच महिने. मार्चएंडच्या आठवड्यात पहाटे पलंगावरून उठताना कपाटावर आदळले आणि भुवईला टाके पडले. तेव्हा यांनी मला मिरजेला नेलं.

तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मशीनला हात लावला नाही. मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन उताणं झोपवून डोकं टेबलाच्या कडेखाली सोडलं. खोली फिरली. ते फक्त माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मग डोकं एकेक टप्पा फिरवत त्यांनी मला कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. दहा मिनिटं लागली असतील. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना अशी घेरी येते. ते कण परत जागेवर नेण्याची ही पद्धत, तिला एप्ली मॅन्युव्हर म्हणतात. माझी चक्कर त्या दिवशी गेली. पाच महिन्यांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते टेबलावर झालं. वर त्यांनी सांगितलं की चक्करेच्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हाताला कंप सुटतो, हालचाल मंदावते.

मग विचारलं, डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात किती? मी म्हटलं, असतील सात-आठ. यांनी शांतपणे सांगितलं, दोन पाकिटं संपतात. वीस. खोलीत मला रडू आलं, कारण मी खोटं बोलले नव्हते, मला खरंच सात-आठ वाटत होत्या. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, साधी वेदनाशामक पंधरा किंवा जास्त दिवस, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. दादा हे आजही मानत नाही. गेल्या दिवाळीतही म्हणाला, मी फुकट दिल्या आणि वर माझंच चुकलं? दादा, फुकट दिल्यास हे मी कधीच विसरले नाही. पण दुकानात बसून तू एकदाही विचारलं नाहीस की ताई, या महिन्यातलं हे कितवं पाकीट. गिऱ्हाइकाला नाही विचारलंस तर एकवेळ समजू शकते. बहिणीला विचारायला हवं होतंस.

गोळ्या बंद केल्यावर पहिला आठवडा भयंकर गेला. आधीपेक्षा जास्त दुखलं. ते तसंच होतं, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले.

जबड्याचं निदान डेंटल कॉलेजात झालं. तिथल्या मॅडमनी माझ्या गालांवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, 'आत्ता, या क्षणी, तुमचे दात कुठे आहेत?' दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. खुर्चीत नुसती बसलेली असताना. तोंड मिटलेलं असताना दात सुटे असायला हवेत, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. जेवण धरूनसुद्धा वरचे-खालचे दात दिवसात अर्धा तासही टेकत नाहीत म्हणे. माझे दिवसभर टेकलेले. कानशिलावर बोटं ठेवून दात दाबून बघा, बोटांखाली स्नायू फुगतो. चावायचा स्नायू तिथपर्यंत पंख्यासारखा पसरलेला असतो. तो दिवसभर आवळलेला राहिला की डोकं दुखायला लागू शकतं, आणि आपण त्याला पित्ताचं डोकं म्हणून मोकळे होतो.

म्हणजे माझी तीन दुखणी तीन वेगळ्या कारणांची होती आणि सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं जात होतं. याच्या उलट, सगळ्याचं खापर जबड्यावर फोडायची चूकही होते. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी डोकेदुखी, चक्कर, कानातले आवाज हे सगळं दाढा गेल्याने जबड्याचा सांधा मागे सरकून दाबल्यामुळे होतं असं मांडलं. ती शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही, पण 'तुमचा चावा चुकलाय' हे वाक्य अजून ऐकायला मिळतं. मलाही मिरजेच्या आधी एका दंतवैद्यांनी तेच सांगून एक दाढ घासून दिली होती आणि सहा कॅप बसवायचं एस्टिमेट हातात ठेवलं होतं. कॅप मी केल्या नाहीत. घासलेली दाढ घासलेलीच राहिली, थंड पाण्याने आजही शिणशिणते.

आता नाइटगार्ड. दात झिजत असतील तर गार्ड दात वाचवतो, त्यासाठी घ्या. दुखणं थांबेल म्हणून घेत असाल तर फार आशा ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावरची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने सांधा आणि स्नायू मोकळे करणं आणि सवयी व विचार बदलणारी समुपदेशनाची पद्धत यांना जोरदार पाठिंबा आहे. काढता-घालता येणाऱ्या गार्डकडे कल नाही, आणि चावा कायमचा बदलणाऱ्या गार्डला तर स्पष्ट नकार आहे. मी गार्ड वर्षभर वापरला. दात वाचले. दुखणं कमी झालं ते जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवून तोंड हळू उघडण्याच्या व्यायामाने, शेकाने, आणि काउंटरवर चिकटवलेल्या एका कागदाने. त्यावर लिहिलं होतं, 'दात सुटे'. शेजारचा क्लार्क विचारायचा हे काय, मी सांगायचे.

चिक्की, ऊस, भाजलेले शेंगदाणे दोन महिने बंद ठेवले, भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. जांभई देताना हनुवटीखाली मूठ. फोन खांद्यात धरून बोलणं बंद. हे सगळं साधं आहे आणि त्यावर कुणाचा धंदा चालत नाही, म्हणून कुणी नीट समजावून सांगत बसत नाही, हे माझं मत.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आणि वय तुम्ही लिहिलेलं नाही. पन्नाशीच्या पुढे असाल, कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल, चावता चावता जबडा थकत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. त्यात रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल तर ते हृदयाचं असू शकतं. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली, तर थांबू नका. गुटखा किंवा सुपारी खात असाल आणि तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील, तिखटाने तोंड जळत असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या, तो आजार वेगळा आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

चक्कर कूस बदलताना येते की चालतानाही, ते सांगा. आणि महिन्यात गोळ्या किती घेता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मनाने आकडा देऊ नका, घरातली रिकामी पाकिटं मोजून खाली लिहा, मग गार्डचं बोलू.