तलावावरची हवा आणि सहीचा फॉर्म

प्रश्न : आम्ही भुसावळचे. १३ वर्षांचा मुलगा जळगावच्या एका खासगी बंदिस्त जलतरण तलावावर पोहायला जातो. वर्षाचे १८ हजार रुपये भरले आहेत. थंडी पडल्यापासून तिथल्या खिडक्या बंद असतात, आत गेले की डोळे चुरचुरतात. पाण्यातून निघाला की मुलाला खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. डॉक्टरांनी तिथे पाठवू नका असे लिहून दिले. व्यवस्थापक म्हणतात, क्लोरीनचा वास म्हणजे पाणी स्वच्छ. फी परत नाही. आरोग्याची जबाबदारी पालकांची अशी तुमची सही आहे. काय करावे? — एक आई

उत्तर : ताई, आधी मुलाला त्या तलावावर पाठवणे बंद करा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. त्याच्या छातीला तेवढी सवड देऊ नका.

व्यवस्थापकांचे वासाबद्दलचे म्हणणे चुकीचे आहे. तो उग्र वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी यांतल्या नत्रयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. त्यातला ट्रायक्लोरामाइन हवेत उडतो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतो, नेमका जिथे पोहणारा श्वास ओढतो तिथे. बाहेरची ताजी हवा आत आली नाही तर तो साठतच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दर घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा दिली आहे. तो आपल्याकडचा कायदा नव्हे, पण वाजवी काळजी कशाला म्हणायचे हे आयोगापुढे दाखवायला उपयोगी पडतो.

तुमचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर कलम २(११) खाली ती सेवेतील त्रुटी ठरते. मुलगा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असल्याने पालक म्हणून तुम्ही तक्रार करू शकता. पावतीवर पैसे परत करण्याची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत न करणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही.

त्या सहीची धास्ती घेऊ नका. पोहताना पाय घसरला, गोळा आला, असा खेळातला धोका तुम्ही पत्करला असे फार तर म्हणता येईल. हवा खेळती ठेवणे त्यांचेच काम आहे. छापील फॉर्मवर सही घेऊन ते तुमच्या गळ्यात मारता येत नाही. सदनिकेच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असे म्हटले आहे. तो आधार तक्रारीत जरूर घ्या.

खरी कसोटी पुराव्याची. समोरचे पहिल्याच तारखेला म्हणतील, मुलाला आधीपासून दमा असेल, जळगावची धूळ असेल. म्हणून आजच डॉक्टरांना विचारून घरी पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन) आणा आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे तारखेसह वहीत लिहा. तलावावर जाणे बंद केल्यावर आकडे सुधारले, खोकला थांबला, तर ती वही बरेच काही सांगेल. पडताळणीसाठी मुद्दाम पुन्हा पाण्यात उतरवू नका. स्पायरोमेट्रीचा (फुप्फुसांच्या तपासणीचा) अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, बंद खिडक्यांचे फोटो, फीची पावती जपून ठेवा. आणखी दोन-तीन मुलांना हाच त्रास असेल तर त्यांच्या पालकांची प्रतिज्ञापत्रे घ्या. माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा तोच.

आता स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. उरलेल्या महिन्यांची फी आणि औषधोपचाराचा खर्च मागा. शिवाय पाणी तपासणीच्या नोंदवहीची प्रत मागा. त्यात फ्री (मोकळा) आणि टोटल (एकूण) क्लोरीनचे रोजचे आकडे असायला हवेत. दोहोंतला फरक म्हणजे कम्बाइन्ड, म्हणजे संयोग झालेला क्लोरीन, आणि तो वाढलेला दिसला तर क्लोरामाइनचा माग तिथेच लागतो. वही दिली नाही तर आयोग कलम ३८(९) खाली ती हजर करायला लावू शकतो.

फी परत मिळण्याची आशा चांगली आहे. दम्यापोटी मोठी भरपाई मात्र अवघड, कारण दमा त्याच हवेने झाला हे सिद्ध करायला तज्ज्ञ डॉक्टरांचे मत लागेल. ते मिळत असेल तरच तो आकडा मागा. आणि तलाव चालू असेपर्यंत तिथल्या बाकी मुलांसाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव दूर करण्याचा अर्जही द्या. तो बाकीच्या पालकांच्या सह्यांसह गेला तर बरे.