जंगली कोनफ्लॉवरचं बी जीन बँकेत ठेवायचा खटाटोप कशाला? नर्सरीत पाकीट मिळतं की!

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. "नर्सरीत पाकीट मिळतं की" हे मी इथे कॅन्सासमध्ये आल्यापासून ऐकतेय, आणि तेही शेती कळणाऱ्या माणसांकडून.

जीन बँक म्हणजे वेगवेगळ्या जागचं बी नोंदीसकट वर्षानुवर्षं जपून ठेवणारी संस्था. आणि कोनफ्लॉवर म्हणजे इकिनेशिया, औषधी मुळाचं फुलझाड. आधी पाकिटाचं सांगते. त्यात असते ती बहुधा त्याची पर्प्युरिया ही जात. देखणं, उगवायला सोपं, तंतुमुळं. इथल्या माळावरची आंगुस्टिफोलिया ही जात वेगळी. अरुंद पानं, खोल जाणारं सोटमूळ, वाढ अगदी संथ. लाकोटा, शायेन, पॉनी लोक दातदुखीला, घशाला मूळ चघळत आले ते याचं. चघळलं की जीभ बधिर होते. दोघांतली रसायनंही सारखी नाहीत. १९३०च्या दशकात जर्मनीच्या माडाउस कंपनीने अमेरिकेतून आंगुस्टिफोलियाचं म्हणून बी नेलं, ते निघालं पर्प्युरियाचं. पुढे युरोपातलं बरंचसं संशोधन आणि औषधं त्याच झाडावर उभी राहिली. पिशवीवर नाव चुकलं की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि माझं भांडण नेमकं पिशवीवरच्या नावाचंच आहे.

आमचा बी गोळा करणाऱ्या हौशी लोकांचा एक गट होता. त्यात एक मराठी काका होते, उभं आयुष्य बियाण्यांच्या धंद्यात गेलेलं. वयाने मोठे, अनुभवी, म्हणून गट त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. सप्टेंबरात स्मोकी हिल्समधल्या तीन टेकड्यांवर आम्ही बोंडं तोडत होतो. मी प्रत्येक टेकडीसाठी वेगळ्या कागदी पिशव्या आणल्या होत्या. पिशवीवर जागा, तारीख, उताराची दिशा, किती झाडांवरून घेतलं, सगळं लिहायचं. काकांनी पिशव्या बाजूला सारल्या आणि गोणीचं तोंड उघडून धरलं.

"अगं, बी ते बीच. टाक यात सगळं. उगवण बघायची, गाव काय बघतेस?"

मी म्हटलं, "काका, ज्वारीच्या वाणाचं चालेल तुमचं. हे रानातलं आहे, इथे प्रत्येक झाड वेगळं."

ऐकलं नाही. बाकीच्यांनीही गोणीतच टाकलं. दोन वर्षांनी त्यातल्या एका टेकडीवर औषधासाठी मुळं खणून विकणारे येऊन गेले. मी बघायला गेले तेव्हा उतारभर कोपरभर खोल खड्डे होते, कडेला वरचे शेंडे तोडून फेकलेले, त्यावर अर्धवट पिकलेली बोंडं तशीच. मुळाला भाव आला की हे होतं. १९९०च्या दशकाच्या शेवटी तर कॅन्साससकट मोंटाना, नॉर्थ डकोटात अशा खणणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. त्या टेकडीचं बी आज काकांच्या गॅरेजमध्ये आहे, पण त्या गोणीतलं कोणतं ते कुणालाच सांगता येणार नाही. मला याचा राग तेव्हाही होता, आजही आहे.

काकांचं म्हणणं वाणाच्या बियाण्याला लागू पडतं, कारण तिथे एकसारखेपणा हाच गुण. कोनफ्लॉवरला स्वतःचे पराग चालत नाहीत, सख्ख्या नात्यातल्या झाडाचेही बऱ्याचदा चालत नाहीत. मिनेसोटात माळाचे उरलेसुरले तुकडे आहेत, तिथे आजूबाजूला जुळणारा जोडीदार नसला की झाडं फुलतात पण बी भरत नाही. तेही बाहेरून कळत नाही. बोंड तळहातावर चोळा. चौकोनी कडांचे, टोकाशी तपकिरी पट्टा असलेले दाणे पडतील. फलन झालेलं असो वा नसो, टरफल बनतंच. ब्लेडने आडवं कापलं तर कळतं, पांढरा गर्भ असला तर बी, पोकळी असली तर पोचट. म्हणून "किलोभर बी जमवलं" याला जीन बँकेत काडीची किंमत नाही. किती झाडांचं आणि कुठलं, हे आधी विचारतात. शक्यतो पन्नासच्या वर झाडं हवीत, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी वीस टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही.

आता साठवणुकीचं. बी सुकवायचं ते थंड, कोरड्या खोलीत. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नाही. ओलावा उतरला की हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांना. जुना ढोबळ नियम असा की ओलावा एक टक्क्याने किंवा तापमान पाच अंशांनी उतरवलं की आयुष्य दुप्पट. पण ठेवलं आणि विसरलं असं चालत नाही. ठरावीक वर्षांनी उगवण तपासायची, घसरली की पुन्हा लावून ताजं बी धरायचं. आयोवात एम्सला १९४८पासून अशी सरकारी जीन बँक आहे, तिथे इकिनेशियाचा मोठा संग्रह आहे. बी धरताना जाळीचे पिंजरे लावून आत मधमाश्या सोडतात, म्हणजे एका जागेच्या झाडांत दुसऱ्या जागेचे पराग मिसळत नाहीत. एवढी काळजी कशासाठी? जागा वेगळी राहावी म्हणून! काकांना मी तेव्हाच हे सांगत होते.

उगवण तपासताना आणखी एक. आंगुस्टिफोलियाचं ताजं बी सरळ मातीत टाकलंत तर बरंचसं उगवणार नाही. ते मेलेलं नसतं, सुप्त असतं. ओल्या वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवा, मग उजेडात पेरा. खोल पुरू नका.

खणणाऱ्यांबद्दल रागाने लिहिलं, पण खरं तेही सांगायला हवं. खणलेल्या झाडांपैकी साधारण निम्मी उरलेल्या मुळातून पुन्हा फुटतात, असं इथल्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे ती टेकडी कायमची गेली असं नाही. आणि बँकेतलं बी म्हणजे माळ वाचला असंही नाही. माळाला अधूनमधून आग लागते, मग झाडं एकाच वेळी फुलतात आणि बी जास्त धरतं. फ्रीजरमध्ये ते होत नाही. इकिनेशियाच्या औषधाने सर्दी बरी होते का म्हणाल तर पुरावा तोकडा आहे, मी त्यासाठी हे करत नाही.

तुम्हाला स्वतः बी द्यायचं असेल तर जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या आणि बोंडं तोडण्याआधी बँकेला मेल करा, त्यांना त्या भागातलं हवंय का ते विचारा. घरच्या बागेसाठी मात्र त्यांच्याकडे मागू नका, ते संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी देतात. बागेला नर्सरीचं पाकीट उत्तम. फक्त ते माळाच्या कडेला नेऊन पेरू नका. काकांनी तेही केलंय.