साइटवर पहिली झाडं लावताय?

भाऊ, उत्साह छान आहे, पण रोपं आणायची घाई नको. आधी बाहेरचं प्लास्टर उरकू द्या, परांची उतरू द्या. इंदूरची काळी माती मुळात चांगली, पण साइटवर ट्रकखाली दबून तिचा दगड झालेला असतो. दोन फूट खणा, सिमेंटची ढेकळं वेचून काढा. माझा पहिला करंज मिस्त्री घमेली धुवायचे त्या पाण्यानं गेला. बुंध्याशी पांढरी खपली धरली होती.

सध्या एवढंच:
– कडुनिंब, करंज. कुंपणाला निर्गुडी, अडुळसा. या दोघांना बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत.
– खोड पिशवीत जेवढं बुडालेलं होतं, तेवढंच मातीत.
– पिशवी फाडून काढा. हसू नका, लोक विसरतात!

लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावरच. बाकी जातींचं पुढच्या वर्षी बघू.